मुंबई बाँबस्फोट मालिका (१९९३) व भारताचे दहशतवादविरोधी धोरण

मुंबई शहरात १२ मार्च १९९३ रोजी, शुक्रवारी दुपारी दीड ते पावणेचार या अवधीत, बारा ठिकाणी घडवून आणलेले बाँबस्फोट व हातबाँबहल्ले. त्यांत २५७ माणसे मृत्युमुखी पडली व ७१३ जखमी झाली. आरडीएक्स या लष्करी स्फोटकाचा नागरी वस्तीत एवढ्या मोठ्या प्रमाणावर वापर भारताने त्यापूर्वी पाहिला नव्हता. या घटनेनंतर देशात नवे कायदे, नव्या तपासयंत्रणा आणि परराष्ट्रांशी प्रत्यर्पणाचे करार झाले. तथापि २००६, २००८ व २०११ या वर्षी मुंबईवर पुन्हा हल्ले झाले आणि १९९३ च्या कटातील प्रमुख फरारी आरोपी भारतीय न्यायालयासमोर आलेच नाहीत. अंतर्गत प्रशासनातील उणिवा आणि परराष्ट्रसहकार्याच्या मर्यादा यांचा परस्परसंबंध समजून घेण्याच्या दृष्टीने ही घटना व तिचा पुढील इतिहास महत्त्वाचा आहे.

घटना : पहिला स्फोट मुंबई शेअरबाजाराच्या इमारतीच्या तळघरात झाला. त्यानंतर नरसी नाथा स्ट्रीट, दादर येथील शिवसेना भवनालगतचा पेट्रोल पंप, नरिमन पॉइंट येथील एअर इंडियाची इमारत, वरळीचा सेंच्युरी बाजार, झवेरी बाजार, दादरचे प्लाझा चित्रपटगृह तसेच वांद्रे, जुहू व विमानतळानजीकची हॉटेले येथे स्फोट झाले. माहीमच्या मच्छीमार वसाहतीत व सहार विमानतळावर हातबाँब फेकण्यात आले. सर्वाधिक प्राणहानी सेंच्युरी बाजारापाशी झाली.

यांपैकी पेट्रोल पंप व प्लाझा ही दोन्ही ठिकाणे शिवाजी पार्कच्या मैदानापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. कटाचा सूत्रधार टायगर मेमन याच्या कुटुंबाचे निवासस्थानही शिवाजी पार्कला उत्तरेकडून लागून असलेल्या माहीममध्ये होते. स्फोटांच्या दिवशी वरळी येथे बेवारस सोडलेली एक मारुती गाडी पोलिसांना सापडली. तीत एके-५६ बंदुका व हातबाँब होते. गाडीच्या नोंदणीवरून पोलीस माहीमच्या घरापर्यंत पोहोचले, तेव्हा कुटुंब दुबईस निघून गेलेले होते. तपासाचा पहिला धागा असा काही तासांत हाती लागला, परंतु त्याचे दुसरे टोक त्याआधीच देशाबाहेर गेले होते. पुढील तीन दशकांच्या घडामोडींवर या एका वस्तुस्थितीची छाया पडलेली दिसते.

पार्श्वभूमी : अयोध्येतील बाबरी मशीद ६ डिसेंबर १९९२ रोजी पाडण्यात आल्यानंतर मुंबईत डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ अशा दोन टप्प्यांत जातीय दंगली झाल्या. त्यांत ९०० माणसे मरण पावली. या दंगलींच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती बी. एन्. श्रीकृष्ण आयोगाच्या कार्यकक्षेत पुढे स्फोटांच्या संदर्भाचाही समावेश करण्यात आला. दंगली व स्फोट यांच्यात कार्यकारणसंबंध असल्याचे दिसते, असा निष्कर्ष आयोगाने १९९८ मध्ये सादर केलेल्या अहवालात नोंदविला. स्फोटांच्या खटल्यात शंभर आरोपी दोषी ठरले, तर दंगलींच्या प्रकरणांत दोषसिद्धी फारच थोडी झाली. न्यायदानातील या विषमतेमुळे राज्यसंस्थेच्या निःपक्षपातीपणाविषयी समाजाच्या एका मोठ्या घटकात शंका निर्माण झाली. दहशतवादाविरुद्धच्या कारवाईस लागणारे लोकांचे सहकार्य व माहिती यांवर अशा शंकेचा प्रतिकूल परिणाम होतो.

दुसरी पार्श्वभूमी कोकण किनाऱ्यावरील चोरट्या व्यापाराची होती. सोने, चांदी व चैनीच्या वस्तू आखाती प्रदेशातून गलबतांनी आणून खाड्यांच्या तोंडाशी उतरविण्याची व्यवस्था तेथे अनेक वर्षे रुळलेली होती. माल उतरविणारे स्थानिक हस्तक, तो वाहून नेणारी वाहने, साठवणीच्या जागा आणि डोळेझाक करण्यासाठी दिली जाणारी लाच ही या व्यवस्थेची अंगे होत. शासन या व्यापाराकडे प्रामुख्याने महसुलाचा प्रश्न म्हणून पाहत असे. ज्या मार्गाने चांदी येते, त्याच मार्गाने शस्त्रेही येऊ शकतील, हा विचार धोरणात पुरेसा उतरलेला नव्हता.

किनाऱ्यावरील अपयश : खटल्यातील पुराव्यानुसार रायगड जिल्ह्यातील दिघी येथे जानेवारी १९९३ मध्ये आणि शेखाडी येथे फेब्रुवारीच्या पूर्वार्धात शस्त्रे व स्फोटके उतरविण्यात आली. दिघीहून निघालेला माल गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडविला होता, पण लाच ठरल्यानंतर तो पुढे जाऊ देण्यात आला. मुंबईच्या दक्षिणेकडील किनाऱ्यावर शस्त्रे उतरविली जाण्याचा संभव असल्याची सूचना जानेवारीच्या अखेरीस सीमाशुल्क खात्यात पोहोचली होती, हेही खटल्यातून पुढे आले. म्हणजे माहितीचा अभाव हे अपयशाचे कारण नव्हते. माहिती होती आणि वाहनेही प्रत्यक्ष अडविली गेली होती. ज्यांनी ती रोखायची, त्यांनीच कर्तव्य विकले होते. सीमाशुल्क खात्यातील अधिकारी व पोलीस कर्मचारी यांना विशेष न्यायालयाने दोषी ठरविले. सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ च्या निकालात पोलीस, सीमाशुल्क खाते व तटरक्षक दल यांच्या अपयशावर कठोर ताशेरे ओढले.

गुन्हेगार, राजकारणी व शासकीय अधिकारी यांच्या संबंधांचा शोध घेण्यासाठी केंद्र शासनाने जुलै १९९३ मध्ये गृहसचिव एन्. एन्. व्होरा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऑक्टोबरमध्ये सादर झालेल्या तिच्या अहवालाने या साखळीचे अस्तित्व मान्य केले. अहवाल १९९५ मध्ये संसदेपुढे ठेवण्यात आला; परंतु त्यातून कोणतीही ठोस, दीर्घकालीन उपाययोजना निर्माण झाली नाही. किनाऱ्यावर नौदल, तटरक्षक दल व सीमाशुल्क खाते यांची संयुक्त गस्त ‘ऑपरेशन स्वान’ या नावाने १९९३ मध्ये सुरू झाली. कालांतराने तिच्यातही शैथिल्य आले.

कायदे व खटला : स्फोटांच्या वेळी दहशतवादी व विध्वंसक कृत्ये (प्रतिबंध) अधिनियम, १९८७ (टाडा) अंमलात होता. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुराव्यात ग्राह्य धरणे, जामिनावर कडक निर्बंध आणि प्रदीर्घ कोठडी ही त्याची वैशिष्ट्ये होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये त्याची वैधता मान्य केली, तरी देशभर त्याचा गैरवापर झाल्याच्या तक्रारी वाढल्या आणि मे १९९५ मध्ये त्याची मुदत संपू देण्यात आली. त्यानंतर महाराष्ट्राने संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, १९९९ (मोक्का) केला. केंद्राने २००२ मध्ये दहशतवाद प्रतिबंधक अधिनियम (पोटा) आणला व २००४ मध्ये तो रद्द केला. त्यातील अनेक तरतुदी पुढे २००४ व २००८ च्या दुरुस्त्यांनी बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियम, १९६७ मध्ये आल्या. कायदा करणे, तो वापरणे, त्याच्या गैरवापराने टीका ओढवून घेणे, तो मागे घेणे व पुढील हल्ल्यानंतर पुन्हा नवा करणे, असे हे चक्र होते. तपासाचे शास्त्र, साक्षीदारांचे संरक्षण व न्यायालयांची संख्या यांकडे त्या मानाने कमी लक्ष गेले.

स्फोटांच्या खटल्याचे आरोपपत्र नोव्हेंबर १९९३ मध्ये दाखल झाले व तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविण्यात आला. आर्थर रोड कारागृहाच्या आवारातील विशेष न्यायालयात १९९५ मध्ये आरोप निश्चित झाले. निकाल सप्टेंबर २००६ पासून टप्प्याटप्प्याने जाहीर होऊन जुलै २००७ मध्ये पूर्ण झाला. १२३ आरोपींपैकी १०० दोषी ठरले. बारा जणांना फाशीची व वीस जणांना जन्मठेपेची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१३ रोजी याकूब मेमन याची फाशी कायम केली व दहा जणांच्या फाशीचे रूपांतर जन्मठेपेत केले. याकूब यास ३० जुलै २०१५ रोजी नागपूर कारागृहात फाशी देण्यात आली. टायगर मेमन व दाऊद इब्राहिम हे मुख्य आरोपी फरारीच राहिले.

परराष्ट्रसंबंध : कटातील काही जणांना दुबईमार्गे पाकिस्तानात नेऊन तेथे शस्त्रे व स्फोटके हाताळण्याचे प्रशिक्षण देण्यात आले, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या निकालात नमूद केले. पाकिस्तानने या कटातील सहभाग व दाऊदचे आपल्या देशातील वास्तव्य सातत्याने नाकारले. सार्वभौम राज्याने आश्रय दिलेल्या आरोपीला परत मिळविण्याचे थेट साधन भारतापाशी नसल्यामुळे त्यास मित्रराष्ट्रांच्या दबावावर विसंबावे लागले. त्या दबावाची मर्यादा लवकरच स्पष्ट झाली. अमेरिकेने १९९३ च्या प्रारंभी पाकिस्तानला दहशतवादास साहाय्य करणाऱ्या संभाव्य राष्ट्रांच्या निरीक्षण-सूचीत ठेवले होते. मुंबईतील स्फोटांनंतर चारच महिन्यांनी, जुलैमध्ये, त्यास त्या सूचीतून वगळण्यात आले. २००१ मधील न्यूयॉर्क व वॉशिंग्टनवरील हल्ल्यांनंतर अफगाणिस्तानातील युद्धासाठी अमेरिकेला पाकिस्तानची गरज भासली आणि २००४ मध्ये तिने पाकिस्तानला ‘नाटो’बाहेरील प्रमुख मित्रराष्ट्राचा दर्जा दिला. दाऊद यास अमेरिकेने ऑक्टोबर २००३ मध्ये जागतिक दहशतवादी घोषित केले व संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्बंध-सूचीतही त्याचे नाव आले. या घोषणेने भारताच्या भूमिकेस मान्यता मिळाली, आरोपी मात्र मिळाला नाही.

आखाती देशांच्या बाबतीत चित्र काहीसे वेगळे होते. स्फोटांच्या वेळी भारत व संयुक्त अरब अमिराती यांच्यात प्रत्यर्पण-करार नव्हता. तो १९९९ मध्ये झाला. त्यानंतर २००३ मध्ये मुस्तफा डोसा हा आरोपी दुबईहून भारतात आला व २०१७ मध्ये दोषी ठरला. आपल्या शेजारी समुद्रापलीकडे गुन्हेगारांचे आश्रयस्थान वर्षानुवर्षे असताना हा करार होण्यास एवढा काळ लागावा, ही परराष्ट्रधोरणातील गंभीर त्रुटी मानावी लागेल.

प्रत्यर्पणाचे स्वरूप सर्वांत स्पष्टपणे अबू सालेम याच्या प्रकरणात दिसते. त्यास सप्टेंबर २००२ मध्ये लिस्बन येथे अटक झाली. यूरोपातील देश फाशीची शक्यता असलेल्या ठिकाणी आरोपी सोपवीत नाहीत. म्हणून फाशी किंवा पंचवीस वर्षांहून अधिक कारावास देणार नाही, अशी हमी भारताने डिसेंबर २००२ मध्ये पोर्तुगालला दिली व नोव्हेंबर २००५ मध्ये त्यास भारतात आणले. मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यास २०१७ मध्ये जन्मठेप दिली. मान्य नसलेले काही आरोप भारताने त्याच्यावर ठेवल्यामुळे अटींचा भंग झाला, असे लिस्बनच्या न्यायालयाने मध्यंतरी ठरविले होते. त्यानंतर ते आरोप मागे घेण्याची पाळी भारतावर आली. परराष्ट्राला दिलेली हमी केंद्र शासनावर बंधनकारक आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये दिला. परदेशी न्यायालय आरोपीला सोपविताना मागणी करणाऱ्या राष्ट्राच्या न्यायपद्धतीचीच परीक्षा घेत असते, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

पुढील हल्ले : पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत ११ जुलै २००६ रोजी सायंकाळी सात स्फोट झाले. त्यांत १८० हून अधिक प्रवासी मरण पावले. माटुंगा रोड व माहीम ही स्थानके पुन्हा त्यांत होती. दोनच महिन्यांनी हाव्हाना येथे भारत व पाकिस्तान यांनी संयुक्त दहशतवादविरोधी यंत्रणा स्थापण्याचे ठरविले. माहितीची देवघेव हा तिचा उद्देश होता, पण तिच्यातून उल्लेखनीय निष्पत्ती झाली नाही. रेल्वे-स्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये पाच जणांना फाशी व सात जणांना जन्मठेप दिली. मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी या बाराही जणांची निर्दोष मुक्तता केली. कबुलीजबाब व साक्षी विश्वासार्ह नाहीत, असे त्याचे मत पडले. हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात स्थगिती दिली, तरी सुटलेल्यांना कारागृहात परत पाठविले नाही. एकोणीस वर्षांनंतर एकीकडे मृतांच्या आप्तांना गुन्हेगार कोण याचे निश्चित उत्तर मिळाले नाही, तर दुसरीकडे बारा कुटुंबांतील माणसांचे तारुण्य कारागृहात सरले. सदोष तपासाची किंमत या दोन्ही घटकांनी चुकविली.

समुद्रमार्गाचा धडाही अपुराच घेतला गेला होता. २६ नोव्हेंबर २००८ रोजी कराचीहून निघालेले दहा दहशतवादी भारतीय मासेमारी नौका ताब्यात घेऊन मुंबईत कफ परेडच्या किनाऱ्यावर उतरले. सुमारे साठ तास चाललेल्या हल्ल्यात १६६ माणसे मारली गेली. हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर हे पोलीस अधिकारी धारातीर्थी पडले. गिरगाव चौपाटीपाशी सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी प्राण देऊन अजमल कसाब यास जिवंत पकडणे शक्य केले. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे जवान दिल्लीजवळील तळावरून येण्यास कित्येक तास लागले. यानंतर राष्ट्रीय तपास यंत्रणा स्थापन झाली व सुरक्षा दलाची केंद्रे मुंबईसह अन्य शहरांत उघडण्यात आली. मात्र राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्राची २०१२ मधील योजना अनेक राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी विरोध केल्यामुळे अडली. पोलीस हा राज्यांचा विषय असल्याने केंद्र व राज्ये यांतील अविश्वास हा या धोरणाचा कायमचा अडसर ठरला आहे.

या हल्ल्याची पाहणी करणारा अमेरिकन नागरिक डेव्हिड हेडली हा पूर्वी त्याच देशाच्या अंमली पदार्थविरोधी खात्याचा खबऱ्या होता. ऑक्टोबर २००९ मध्ये शिकागो येथे अटक झाल्यावर त्याने गुन्हा कबूल केला व त्या बदल्यात भारताकडे प्रत्यर्पण होणार नाही, असे अमेरिकेकडून मान्य करून घेतले. २०१३ मध्ये त्यास तेथे पस्तीस वर्षांची शिक्षा झाली. मुंबईच्या न्यायालयापुढे त्याने २०१६ मध्ये दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष दिली. त्या साक्षीत दादरच्या शिवसेना भवनाची आपण पाहणी केल्याचे त्याने सांगितले. १९९३ मध्ये ज्या इमारतीच्या भिंतीलगत स्फोट झाला, तीच पुन्हा हेरली गेली होती. त्याचा साथीदार तहव्वूर राणा याचे प्रत्यर्पण एप्रिल २०२५ मध्ये, म्हणजे हल्ल्यानंतर सोळा वर्षांहून अधिक काळाने झाले. याउलट बीड जिल्ह्यातील जबीउद्दीन अन्सारी यास सौदी अरेबियाने जून २०१२ मध्ये भारताच्या स्वाधीन केले. मे २००६ मधील औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणी तो महाराष्ट्रातूनच निसटला होता. तेव्हाचे दुर्लक्ष टळले असते, तर परराष्ट्राकडे मागणी करण्याची वेळच आली नसती. १३ जुलै २०११ रोजी झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस व दादरचा कबुतरखाना येथे पुन्हा स्फोट झाले. प्लाझापासून हे ठिकाण हाकेच्या अंतरावर आहे.

समालोचन : भारताच्या दहशतवादविरोधी धोरणाच्या अपयशाची मीमांसा करताना शेजारी राष्ट्राचे वैर व मित्रराष्ट्रांची स्वार्थबुद्धी यांवर भर देण्याची प्रथा आहे. हे दोन्ही घटक खरे आहेत. प्रत्येक राष्ट्र दुसऱ्यास स्वतःच्या हिताच्या मर्यादेपर्यंतच साहाय्य करते. १९९३, २००४ व २००९ मधील अमेरिकेचे वर्तन याचीच उदाहरणे होत. दहशतवादाची सर्वमान्य व्याख्या करणारा व्यापक आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडला, पण व्याख्येवरील मतभेदांमुळे तो तीन दशकांनंतरही संमत झालेला नाही.

परंतु जे आपल्या हाती नाही, त्याहून जे आपल्या हाती होते त्यातील अपयश अधिक विचार करण्याजोगे आहे. गोंडघर फाट्यावरील वाहने थांबविण्यास कोणत्याही परराष्ट्राची अनुमती लागत नव्हती. निर्दोष तपास करून टिकाऊ पुरावा उभा करण्यासही ती लागत नाही. सौदी अरेबिया, पोर्तुगाल व संयुक्त अरब अमिराती यांच्याकडून आरोपी मिळाले, ते करार, चिकाटी, पुरावा व हमी यांच्या बळावर. ज्या राष्ट्राचे अन्वेषण छळमुक्त आणि ज्याचा न्याय समदर्शी, त्याची मागणी परकीय न्यायालयात टिकते. ज्याचा खटला स्वतःच्याच उच्च न्यायालयात कोसळतो, त्याची पुढची मागणी दुर्बळ होते. या अर्थाने कायद्याचे निष्पक्ष राज्य हा अंतर्गत नीतीचा विषय असतो, तसाच तो परराष्ट्रधोरणाचा आधारही असतो.

दादर, माहीम व वरळी हा मध्यमवर्गीय आणि कामगारवस्तीचा सलग पट्टा १९९३ ते २०११ या अठरा वर्षांत तीन वेळा स्फोटांनी हादरला. दर वेळी दुसऱ्याच दिवशी कामावर जाणाऱ्या नागरिकांच्या धैर्याचे कौतुक झाले. हे धैर्य खरे होते. परंतु नागरिकांचे धैर्य हे राज्याच्या दक्षतेस पर्याय होऊ शकत नाही, हेच या इतिहासाचे सार होय.